तुझंच घर समज

जबलपूरच्या राइट टाउनातलं चांदीच्या देवांचं ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि ते जावं अशी माझी इच्छाही नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. होता फक्त एक घरमालक, ज्याला आपली भाडेकरू नकोशी झाली होती आणि तसं तिला सांगायची हिंमत नव्हती. एवढ्याशा भित्रेपणातून एका मुलीचं आयुष्य कसं मातीत जाऊ शकतं, ते मी त्या वेळी पाहिलं.

आधीच सांगतो, मी वयाने निवृत्त झालेला अधिकारी नाही. उपनिरीक्षकाची नोकरी मी माझ्या हाताने सोडली. आता जबलपुरात भाडेकरूंसाठी पत्रकं छापतो आणि चौकात उभा राहून वाटतो. त्यामुळे गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका. नावं मात्र कोणाचीच देत नाही. ज्यांनी ओळखायचं ते स्वतःला बरोबर ओळखतील.

सकाळची हजेरी आटोपली होती. रोजनामच्यात रवानगीच्या नोंदी चालू होत्या. आमचे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, चहा घेत होते. तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, कपाळावर गंधाचा ठसठशीत टिळा. केंद्र सरकारच्या कुठल्याशा दफ्तरातून निवृत्त झालेले, राइट टाउनात दुमजली घर, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळींत 'कोणाला नाही न म्हणणारे' म्हणून प्रसिद्ध. कार्यक्रमाला सतरंज्या मागा, हो. घरचं अंगण मागा, हो. छातीवरच्या पट्टीवर माझं आडनाव वाचून ते लगेच मराठीत आले. "बेटा, तू तर आपलाच."

ठाण्यात हे वाक्य ऐकलं की मी सावध होत असे. 'आपला' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा काहीतरी वाकडं करून हवं असतं.

त्यांचं आवेदन, म्हणजे लेखी तक्रार, सरळ होतं. सकाळी पूजेला बसले तर देवघर रिकामं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवतांचे दोन टाक, सगळे चांदीचे, ताम्हणासकट गायब. संशय खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीवर. तिचा अकरा महिन्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. मुलगी फार त्रासदायक आहे, असं ते म्हणाले आणि पाढा वाचला. शिफ्टची नोकरी करते, वेळीअवेळी येते. पाण्याच्या पंपावरून त्यांच्या बायकोशी, म्हणजे काकूंशी, वाद घालते. नाली तुंबली म्हणून नगर निगमात तक्रार केली, म्हणजे मालकाच्याच घराची. "करार वाढवणार नाही असं तिला सांगितलं, म्हणून हा सूड," ते म्हणाले. हे वाक्य मी मनात बाजूला ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

आवेदनावर शिक्काही पडला नव्हता तोच ठाण्याचा फोन वाजला. पुरुषाचा आवाज. राइट टाउन वाली लड़की सामान बाँध रही है, जल्दी भेजिए, निकल जाएगी. नाव विचारलं, फोन बंद. खबर द्यायला लोक पुढे येतात, चांगलं आहे. पण ज्या तक्रारीची शाई वाळली नव्हती, तिची बातमी या माणसाला कोणी दिली?

एक महिला आरक्षक, म्हणजे कॉन्स्टेबल, आणि गल्लीतले दोन पंच घेऊन मी पोहोचलो. मुलगी सामान बांधत नव्हती. पोहे खात होती. स्कूटीची किल्ली हातात, नेपियर टाउनातल्या एका पॅथॉलॉजीत कामाला निघायच्या घाईत. झडती घ्यावीच लागली नाही. खिडकीजवळच्या फळीवर धुतलेला पाट, पाटावर ताम्हण, ताम्हणात चारही देव. गंध लावलेलं, ताजी जास्वंद वाहिलेली, निरांजन अजून कोमट. महिला आरक्षक माझ्या कानाशी पुटपुटली, "सर, चोरनी तो भगवान को नहला भी रही है."

मुलगी मूळची नागपूरच्या सीमेजवळच्या सौंसरकडची. बोलणं तिखट.

"हे काकूंनीच दिले मला. सुतक आहे म्हणे त्यांच्याकडे. नागपुरात त्यांचे कोणी चुलत वारले."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊबंदात कोणी वारलं की जुन्या वळणाच्या घरात दहा दिवस देवाला हात लावत नाहीत. कपाळाला गंधही लावत नाहीत. पूजा मोडू नये म्हणून देव भाऊबंदाबाहेरच्या कोणाकडे तरी देतात. शेजारी असतो, ओळखीचं घर असतं. या घराने ते आपल्या भाडेकरूकडे दिले होते, असं ती म्हणत होती.

जिन्यातून घरमालकांचा आवाज आला, अगदी शांत. "सुतक? कोणाचं सुतक? आमच्याकडे कोणी गेलेलं नाही."

मी वर पाहिलं. ठाण्यात माझ्यासमोर बसलेल्या त्या कपाळावर ठसठशीत टिळा होता. आता कपाळ पुसलेलं, कोरडं. घाम आलेला नव्हता. मग घरात शिरण्याआधी तो टिळा पुसला कोणासाठी?

वर गेलो. देवघराचा पडदा ओढलेला, समई कोरडी. देव चोरीला गेले की बाई देवघरासमोर बसून रडते, देव्हाऱ्याची घडी घडी चाचपणी करते. अशा घरांत मी वाढलो आहे, मला माहीत आहे. या काकू मात्र स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. देव तुम्ही दिले का, असं विचारलं तर नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, हे सांगतील तेच. मी आरक्षकाला सांगून ताम्हण त्यांच्यासमोर आणवलं, आपलंच आहे का एवढं बघायला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि दोन पावलं मागे सरल्या.

पंचनामा झाला, जप्ती झाली. मुलीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. आता तिचं काय पणाला लागलं होतं ते ऐका. तिची संरक्षण खात्याच्या कारखान्यात निवड झाली होती. सौंसरच्या त्या घरातली पहिली सरकारी नोकरी. रुजू होण्याआधी चारित्र्य पडताळणी लागते, आणि तिची पडताळणी आमच्याच ठाण्यात येऊन पडली होती. चोरीचा गुन्हा नोंदवला की ते कागद नकार घेऊन परत जाणार. पुढे कोर्टात ती सुटली असती, हो. पण तोवर नोकरी दुसऱ्याच्या घरी गेली असती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं आणि टीआय साहेबांनाही कळत होतं.

साहेब म्हणाले, "माल बरामद, मुलज़िम हाज़िर. और क्या चाहिए? शाम तक लिख दो."

मी सुतकाची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, तुम मराठी लोग आपस में निपट लो, बस मेरी फ़ाइल मत लटकाओ. एक दिवस मागून घेतला. तोही त्यांनी उपकार केल्यासारखा दिला.

मुलीची चौकशी सोपी नव्हती. ती रडली नाही, भांडली. तुम्ही मराठी ना, म्हणाली, मग सुतकात देव कोण पूजते ते काकूंना विचारा, मला काहून विचारून राहिले? करार वाढणार नाही हे तुला सांगितलं होतं का, असं विचारल्यावर तिचा चेहराच बदलला.

"मला? कधी? मी दोनदा विचारलं त्यांना, काका, करार वाढवणार का, मला आधी सांगून ठेवा. दोन्ही वेळा म्हणाले, अगं, विचारतेस काय, तुझंच घर समज."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पंपाच्या बटणाला कुलूप लागलं. जिन्यातला बल्ब नाहीसा झाला. तिला वाटलं उडाला, तिने स्वतः नवीन आणून लावला. तोही नाहीसा झाला, तिने तिसरा आणला. अंगणातली नाली तुंबली ती कोणी काढेना, म्हणून तिने नगर निगमाला फोन लावला. मी म्हटलं, बाई, ते तुला जा म्हणत होते. ती म्हणाली, "बल्ब काढून? तोंड नव्हतं का त्यांना? मी काय ज्योतिषी आहे?"

हसू आलं मला, आणि लगेच संताप आला. त्रासदायक भाडेकरू म्हणून जिची गावभर बदनामी चालली होती, तिचा गुन्हा एवढाच की तिला इशारे कळत नव्हते. तिने शब्दावर विश्वास ठेवला होता.

दुपारभर मी फिरलो. त्या घराला ओळखणाऱ्या मराठी मंडळींना एकच प्रश्न विचारायचा होता, त्यांच्याकडे सुतक आहे की नाही. पूजा सांगणारे गुरुजी म्हणाले, मी हल्ली तिकडे गेलो नाही. ज्यांच्या घरच्या बारशाला काका-काकू आले नव्हते, ते म्हणाले, तब्येत बरी नसेल. एक सुशिक्षित बाई दार अर्धं उघडून म्हणाल्या, "आम्हाला नका ओढू. रोज एकमेकांची तोंडं पाहायची असतात." सगळ्यांना माहीत होतं. एकालाही बोलायचं नव्हतं. चोराच्या वस्तीत मी माहिती काढलेली आहे, तिथेही लोक इतके घट्ट नसतात. संस्कारी वस्ती, म्हणे.

फोनवाल्याचा छडा मात्र महिला आरक्षकाने बसल्या जागी लावला. तिने आपल्या मोबाइलवरून त्या नंबरवर फोन केला. तो नंबर निघाला एका कोचिंगवाल्याचा, तशी ती मुलासाठी चौकशी करणारी आई बनली. नवीन बॅच कुठे भरणार, असं तिने विचारलं. तो उत्साहाने म्हणाला, राइट टाउन में, नीचे का पूरा फ़्लोर मिल गया है, बस एक लड़की ख़ाली कर रही है.

म्हणजे काकांनी तिथेही हो म्हणून ठेवलं होतं. मुलीला हो, कोचिंगवाल्याला हो. एकाच मजल्याचे दोन हो. आणि त्यातला एक मोडायची वेळ आली तेव्हा स्वतःची जीभ न वापरता त्यांना पोलीस वापरायचे होते.

पण हेतू कळला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. सुतक आहे हे त्या घरातल्याच माणसाने सांगायला हवं होतं. मी नागपुरात माणूस पाठवून चौकशी करू शकलो असतो, पण टीआय साहेब तेवढा वेळ देणार नव्हते. मग मला ओळख पटवण्याची पद्धत आठवली. जप्त केलेला माल फिर्यादीने आपला म्हणून ओळखायचा असतो. साहेब म्हणाले, फोटो दाखवून सही घे. मी म्हटलं, नाही साहेब, हातात घेऊन ओळखू द्या, उद्या कोर्टात बोट ठेवायला जागा नको. त्यांनी हातानेच कर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही बोलावलं. काका पुन्हा इस्त्रीत. आज टिळा नव्हता, काकू बरोबर होत्या ना. टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं, त्यावर ताम्हण. मुलगी भिंतीशी बाकावर. साहेब खुर्चीत, चहा हातात.

मी म्हटलं, "काका, एकेक देव हातात घ्या, आपला आहे म्हणून सांगा. मग सही करा आणि घरी घेऊन जा. मोकळे."

मला वाटलं होतं ते अडखळतील. नाही अडखळले. हसले, बाह्या सावरल्या आणि बाळकृष्णाकडे हात नेला. हा क्षण मी विसरू शकत नाही. जो माणूस रोज अंघोळ करून सोवळ्यात पूजा करतो, तो एका मजल्यासाठी आपल्याच देवावर हात टाकायला निघाला होता.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, सुतक आहे."

आवाज मोठा नव्हता. पण सूतक हा शब्द हिंदीतही तोच. साहेबांनी कप खाली ठेवला.

त्यानंतर काकूंना थांबवणं काकांना जमलं नाही. मीच दिले, त्या म्हणाल्या. पोर स्वच्छ आहे, सकाळी उठून अंघोळ करते, भाऊबंदातली नाही, म्हणून मी तिला म्हटलं, फिटेपर्यंत सांभाळ. हे मला म्हणाले तू गप्प राहा, कोणाला काही होत नाही, पोलीस दोन शब्द बोलतील आणि ती आपण होऊन जाईल. मी गप्प राहिले. पण देवाला हात नाही लावू देणार.

लक्षात घ्या. मुलीची नोकरी जात होती तोवर काकू गप्पच होत्या. देव बाटायची वेळ आली तेव्हा बोलल्या. त्यांच्या बोलण्याने मुलगी वाचली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण त्यांना देवी म्हणून मिरवायला मी तयार नाही.

काकांकडे वळलो. का केलंत? ते म्हणाले, आणि हे शब्द मी जसेच्या तसे देतो, "मला तिला दुखवायचं नव्हतं."

दुखवायचं नव्हतं! चोर ठरवायचं होतं, फक्त दुखवायचं नव्हतं. तोंडावर नाही म्हणणं त्यांना वाईट वाटत होतं. पोरीला ठाण्याच्या बाकावर बसवणं वाईट वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. गुंड परवडला. गुंडाला आपण काय करतोय ते माहीत असतं.

करार संपला की तो पुढे न वाढवण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. मी भाडेकरूंचा माणूस असून हे लिहितो. आवडत नाही, भाऊ यायचा आहे, कोचिंगला द्यायचंय, काहीही. वेळेवर सांगा, नवीन जागा शोधायला मुदत द्या. तरीही कोणी हललं नाही तर त्यासाठी कायदा आहे, दाद मागायची जागा आहे. हा सगळा रस्ता त्या माणसासमोर मोकळा होता. त्यावर पहिलं पाऊल म्हणजे दोन अक्षरांचा एक शब्द. तेवढा त्याच्याने निघाला नाही.

खोट्या तक्रारीबद्दल कारवाई व्हावी म्हणून मी अहवाल लिहिला. साहेबांनी तो बाजूला सरकवला. शरीफ़ आदमी है, म्हणाले, समझाइश देके छोड़ो. शरीफ. माझ्या नोकरीत या शब्दाने जेवढे लोक सुटलेले पाहिले तेवढे वकिलांनीही सोडवले नसतील. मी दोन गोष्टी करून घेतल्या. मुलीच्या पडताळणीवर त्याच दुपारी स्वच्छ शेरा लिहून तो वर पाठवला. आणि त्याआधी, त्याच खोलीत, काकांना तिच्यासमोर उभं केलं.

"काका, आता तिला सांगा. कराराचं."

"म्हणजे बेटा, तसं पाहिलं तर... बघू आपण..."

"बघू नाही."

मग ते जमिनीकडे पाहून म्हणाले, करार वाढवायचा नाही आहे.

मुलगी त्यांच्याकडे वळली. "बस? इतकंच होतं?" ती म्हणाली. "अहो काका, मी तर इथंच, गोरखपूर मोहल्ल्यात, रूम पाहून राहिली होती उन्हाळ्यात. तुम्हीच म्हटलं, तुझंच घर समज, म्हणून तिथं 'नाही' सांगून आली मी."

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण टेबलावर देव होते. साहेबांना ते ठाण्यातून हलवायचे होते. ले जाइए भाई, म्हणाले. काका पुढे झाले, काकूंनी डोळे वटारले, काका थांबले. काकू तर हात लावणार नव्हत्याच. अजून सुतक फिटलं नव्हतं. त्या खोलीत ते देव उचलून घरी नेऊ शकेल असं, त्यांच्या दृष्टीने, एकच माणूस होतं. ती बाकावर बसली होती.

काकांनी घसा साफ केला. तोच आवाज, मऊ, समाजात ज्याची तारीफ होते तो. "बेटी, एवढे दिवस केलंस, अजून थोडेच राहिले आहेत. नेशील ना?"

तिने ओढणी सावरली, स्कूटीची किल्ली घेतली.

"नाही, काका." आणि दारातून मागे वळून म्हणाली, "पाहा, असं म्हणतात. जीभ झडत नाही."

सुतक फिटेपर्यंत ते देव आमच्या मालखान्यात राहिले, जप्त केलेल्या सळया आणि एका मोडक्या सायकलीच्या मध्ये. महिला आरक्षक हजेरीच्या आधी त्यांना पाणी घालायची आणि ठाण्याच्या आवारातलं फूल वाहायची. घ्यायला आल्यावर काकू तिच्या पाया पडायला वाकल्या. ती मागे सरली.

मुलगी कारखान्यात रुजू झाली. खालच्या मजल्यावर कोचिंग भरतं. काका अजून समाजाच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसतात आणि अजून कोणाला नाही म्हणत नाहीत. त्यांच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात.

या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच. तक्रार समोर आली की कोण खोटं बोलतंय हे मी नंतर शोधतो. आधी शोधतो, यात नाही म्हणायला कोण घाबरलं होतं. त्या भीतीची किंमत नेहमी दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते, आणि तो दुसरा बहुतेक वेळा भाडेकरू असतो, नवखा असतो, एकटा असतो. भाडेकरूंसाठी पत्रकं काढणारा मी, पण माझ्या प्रत्येक पत्रकाची पहिली ओळ घरमालकांसाठी असते. घर तुमचं आहे. नाही म्हणा. तोंडावर म्हणा.